गोळीवर आळ

गोळी घेतली आणि डोकं दुखायला लागलं, तर दोष कुणाचा? आमच्या घरात, शेजारात आणि ऑफिसात सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, गोळीचा. मीही तेच म्हटलं, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगायला बसले आहे.

मी मंगला. राहायला नागपुरात, मनीषनगरला. सदर भागातल्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसते, निवृत्ती जवळ आली आहे. जीभ तिखट आहे, राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला धक्का बसायला नको. त्या वर्षी मला देवाकडून एकच गोष्ट हवी होती. आमच्या प्राचीचं पहिलं बाळंतपण माहेरी, माझ्या हातानं व्हावं. एकुलती एक पोरगी, नोकरीमुळे आणि लग्नामुळे पुण्याला गेलेली. तिला न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालायची. बाकी मला काहीही नको होतं.

ज्यांच्या हातात नुकतीच कोलेस्टेरॉलच्या गोळीची चिठ्ठी पडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधाचं शास्त्र मला कळत नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. मला फक्त माझा भैताडपणा, म्हणजे मूर्खपणा, सांगता येतो.

रिपोर्ट

ऑफिसात तपासणीचं शिबिर लागलं होतं. फुकट होतं म्हणून सगळ्यांनी रक्त दिलं, मीही दिलं. रिपोर्ट आले तेव्हा माझ्या कागदावर काही ओळी जाड अक्षरात होत्या. शेजारच्या टेबलावरची वैशाली डोकावून म्हणाली, "मॅडम, तुमचं कोलेस्टेरॉल तं गजबच वाढून राहिलं."

"पगार सोडून आपलं सगळंच वाढते," मी म्हटलं, आणि कागद पर्समध्ये कोंबला.

डॉक्टर आमच्या घराजवळचेच. शांत माणूस. त्यांनी कागद बघितला आणि कागदाबद्दल काही न बोलता विचारलं, "तुमचे वडील कशानं गेले?"

"झोपेतच गेले. छातीत कळ आली म्हणे."

"वय?"

"पन्नाशीही झाली नव्हती."

"आणि काका?"

दोघंही काका तसेच गेले होते. आमच्या माहेरी पुरुषांनी लवकर जायचं असतं, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण ते रक्त बायकांच्याही अंगात असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रोज एक, जेवणानंतर. "काही त्रास झाला तर मला येऊन सांगायचं. दुसरी देता येते, कमी करता येते. पण आपल्या मनानं बंद करायची नाही."

"किती दिवस घ्यायची?"

"घेत राहायची."

आजवर मी औषध म्हणजे तापाची गोळी समजत होते. ताप गेला की गोळी गेली. आता कुठं दुखतही नाही, खुपतही नाही, आणि मरेपर्यंत गोळी! मला आजारापेक्षा त्या "घेत राहायची"ची जास्त भीती वाटली.

घरी आल्यावर मी आधी चहाचं आधण ठेवलं. बातमी चांगली असो की वाईट, आमच्याकडे आधी चहा. सकाळी डोळे नीट उघडायच्या आत चहा, डबा भरताना चहा, ऑफिसात पोचले की खालच्या टपरीवरचा, मग साहेबांच्या मीटिंगचा उरलेला, मग घरी आल्यावर पुन्हा. यांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "रक्त तपासलं का चहा? तुह्या अंगातून चहापत्तीच निघाली असंल."

मी हसले. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर बरेच दिवस मी हसले नाही.

सोडणं

त्याच आठवड्यात आषाढी एकादशी होती आणि गावाहून, कुहीहून, माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या. मी त्यांना ताई म्हणते. शेती, घर, चार म्हशी आणि अख्खी भावकी त्यांच्या एका हाकेवर चालते. येताना घरचे तांदूळ आणि लाखोळीची डाळ घेऊन आल्या आणि आल्या आल्या मला स्वयंपाकघरात गाठलं.

"प्राचीचं कसं आहे वं?"

"तिसरा संपत आला, ताई. सगळं ठीक आहे म्हणते."

ठीक आहे म्हटलं, पण भीती होतीच. आदल्या वर्षी याच दिवसांत प्राचीचा गर्भ पडला होता. मी पुण्याला पोचले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं फक्त माझा हात धरून ठेवला. तो हात मी अजून सोडवून घेऊ शकलेली नाही, असं मला कधीकधी वाटतं.

ताई म्हणाल्या, "पोट्टीसाठी चातुर्मासात काहीतरी सोड."

आषाढीपासून कार्तिकीपर्यंत एखादी वस्तू खायची-प्यायची सोडायची, ही आमच्याकडची जुनी चाल. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी एक वेळचं जेवण. मी म्हटलं, "वांगं सोडते."

"वांगं तुले आवडते कधी? जे आवडत नाही ते सोडलं तं काय सोडलं? देवाले काय येडं समजतं का?"

"मग काय सोडू?"

ताईंनी माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं. मी कप मागं घेतला.

"ताई, चहा नाही हो!"

"पोरीच्या जीवासाठी आहे," त्या म्हणाल्या. "अन् आयक, चहा सोडून कॉफी चालू करशीन तं ते नाही चालत. आमच्या गावात एकीनं तसंच केलं होतं. चार महिने कॉफी पेली, अन् वरून म्हणे माहं व्रत आहे! बायका हसत होत्या तिले."

मी देवापुढे उभी राहिले आणि म्हटलं, पोरीचं सुखरूप होऊ दे, कार्तिकीपर्यंत चहाचा थेंब तोंडात घेणार नाही, कॉफीचाही नाही. त्याच रात्री जेवणानंतर गोळीही सुरू केली. एक सोडलं, एक धरलं. दोन्ही एकाच दिवशी.

हे वाचताना तुम्हाला उत्तर दिसतंय ना? आम्हाला दिसलं नाही. आमचे हे बीएस्सी झालेले आहेत, त्यांनाही दिसलं नाही.

डोकं

दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं दुखायला लागलं. असं दुखणं मी कधी भोगलं नव्हतं. डोळ्यांच्या मागून सुरू व्हायचं आणि मानेपर्यंत उतरायचं. पोटऱ्या दुखायच्या, अंग मोडून यायचं, मळमळायचं. टेबलावर बसल्या बसल्या झोप यायची. एका माणसाचं पत्र घ्यायचं होतं, त्याच्यावर मी विनाकारण असं खेकसले, की साहेब केबिनमधून बाहेर आले.

वैशाली म्हणाली, "मॅडम, गोळी गरम पडली तुम्हाला."

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "इंग्रजी औषध गरमच पडते बाप्पा. दही खाजो."

यांनी मोबाईलमध्ये शोधलं आणि चष्मा कपाळावर चढवून मला वाचून दाखवलं. या गोळीनं काही जणांचं अंग दुखतं, असं तिथं लिहिलं होतं. खोटं नव्हतंच ते. काहींचं दुखतंही, हे मला पुढे डॉक्टरांनीच सांगितलं. पण आम्हाला जे हवं होतं तेवढंच आम्ही वाचलं आणि मोबाईल बंद केला.

मधे एका संध्याकाळी मी डोक्याला फडकं बांधून पडले होते. हे चहा घेऊन बसले होते. त्या वासानं मला रडू यायला लागलं. यांना दया आली. म्हणाले, "एक घोट घे ना. बरं वाटंल."

मी उठून बसले. "पोरीच्या जीवावर उठलात काय? व्रत आहे माझं!"

बिचारे कप घेऊन गॅलरीत गेले. औषध त्या कपातच होतं आणि मी ते हाकलून दिलं.

व्रत मोडायचं तर प्राचीच्या पोटाची भीती. गोळी सोडायची तर कशाची भीती? मला तर छातीत काहीच होत नव्हतं. जे दिसत नव्हतं ते मी सोडून दिलं. हे म्हणाले, "राहू दे काही दिवस, मग बघू." ताई म्हणाल्या, "फेक तिकडं." मी पाकीट औषधांच्या डब्यात तळाशी टाकलं.

आणि दोन दिवसांत डोकं उतरलं! अंग हलकं झालं. झोप लागली. सगळ्या जगाला पुरावा मिळाला. मी ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "गोळीच होती मेली. सोडली आणि मोकळी झाली." आता कळतं, चहा सुटण्याचा त्रास ओसरायचे दिवसच भरले होते. गोळी घेतली असती तरी डोकं उतरलंच असतं.

डॉक्टरांकडे जाऊन एवढं एक वाक्य सांगायचं होतं. "गोळीनं त्रास होतो, काय करू?" बस. पण ते रागावतील असं वाटलं. मी त्यांच्या दवाखान्यावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. जो माणूस कधी कुणावर रागावला नाही, त्याला मी घाबरले. आणि घरच्यांवर मात्र वाघीण.

तयारी

पुढचे महिने छान गेले, हे कबूल केलं पाहिजे. चहाची आठवणही कमी झाली. प्राचीचा चौथा गेला, पाचवा गेला. फोनवर तिचा आवाज बदलला. "आई, लाथ मारून राहिलं वं आतून," असं तिनं सांगितलं त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटणार होते, वैशालीनं हात धरला, "मॅडम, थांबा, नजर लागेल."

व्रत फळून राहिलं होतं, अशी माझी पक्की खात्री झाली.

दिवाळी झाली की तिनं यायचं, सातव्यात डोहाळजेवण करायचं आणि बाळंतपण होऊन सव्वा महिना झाल्याशिवाय जायचं नाही, असं ठरलं. तिची तिकिटं काढली. मी मागची खोली रिकामी केली. जुन्या धुवट लुगड्यांची दुपटी शिवली. डिंक आणून ठेवला. बाळासाठी कापसाची छोटी गादी भरून घेतली. हे म्हणायचे, "पोट्टं यायला वेळ आहे, आतापासून गादी?" मी म्हणायचे, "तुम्ही गप्प बसा, तुमचं बाळंतपण नाही."

दिवाळीनंतरची ती सकाळ. गाद्यांना ऊन द्यावं म्हणून मी मोठी गादी आणि ती छोटी गादी घेऊन गच्चीवर निघाले. जिन्यात दम लागला. गच्चीवर पोचेपर्यंत घाम फुटला, थंडीच्या दिवसांत. जबडा दुखायला लागला, दाढ दुखावी तसा. डावा हात जड. मी खाली आले आणि म्हटलं, दिवाळीचं तेलकट बाधलं. ओवा खाल्ला. गरम पाणी प्यायले. पडून राहिले. यांना म्हटलं, "ॲसिडिटी आहे, गवगवा करू नका."

माझ्या बापाची आणि दोन्ही काकांची मुलगी-पुतणी असून मी ओवा चावत पडले होते! जबड्याचं दुखणं छातीचं असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही तरी ठेवा लक्षात. ओकारी झाली तेव्हा हे घाबरले, शेजाऱ्यांची गाडी काढली.

पडद्याच्या आत

दवाखान्यात सगळं भराभर झालं. कपडे बदलले, कागदावर यांची सही घेतली, मनगटातून तार घालून हृदयाची बंद झालेली नळी उघडली. मी जागी होते. वर एक पांढरा दिवा होता आणि कोणीतरी सारखं म्हणत होतं, "मावशी, हलू नका." मी मनात एकच म्हणत होते, पोरीची तिकिटं काढली आहेत. मला मरायला वेळ नाही.

मग अतिदक्षता विभागातले दिवस. पडदा, यंत्राची टकटक, भेटायची तेवढी ठरलेली वेळ. आपलं अंग आपलं राहत नाही तिथं, कोणीही येतं, सुई टोचतं, चादर ओढतं. मला शरमेनं रडू यायचं. एक आया मात्र रोज विचारायची, "आई, केसं विंचरून देऊ का?" आणि गुंता न ओढता हळूहळू वेणी घालायची. तिचं नावही मी विचारलं नाही. एवढी तोंडाळ बाई मी, आणि नाव विचारायचं राहून गेलं.

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच फेरीत विचारलं, "कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होती ना?"

यांनी खाली बघितलं. मी म्हटलं, "सोडली होती. गरम पडली."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि तीच गोळी, आधीपेक्षा मोठी, पुन्हा सुरू केली.

मी डोकं दुखायची वाट बघत पडून राहिले. आज दुखेल, उद्या दुखेल. दुखलंच नाही. मला तर दुखायला हवं होतं! दुखलं असतं तर मी खरी ठरले असते. शेवटी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "तेव्हा गोळीनं एवढं डोकं उठलं होतं, आता काहून नाही दुखत?"

ती पोरगी स्टूल ओढून बसली. कोणीतरी आपल्याजवळ बसलं, एवढ्यानंही तिथं बरं वाटतं. म्हणाली, "काकू, गोळी सुरू केली त्या आठवड्यात आणखी काही बदललं होतं का?"

"नाही."

"चहा सोडला होता ना तू," हे म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं. "एकदम? किती घेत होत्या?"

"कधी मोजला नाही," हे म्हणाले.

मग तिनं समजावून सांगितलं. अंगाला रोजची सवय झालेली असते, एकदम तोडली की डोकं दुखतं, अंग दुखतं, चिडचिड होते, झोप येते. काही दिवसांत आपोआप जातं. सोडायचा तर थोडा थोडा कमी करत सोडायचा. मी ऐकत होते.

"म्हणजे गोळी घेतली असती तर हे टळलं असतं?"

"ते कोणीच सांगू शकत नाही, काकू. धोका कमी झाला असता, एवढंच. पण ज्या त्रासापायी तुम्ही ती सोडली, तो बहुतेक तिचा नव्हताच."

ती गेल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. अंगात बळ नव्हतं, पण तोंडात होतं. "तुम्हीच मोबाईलमध्ये वाचून दाखवलं! तुम्हीच म्हटलं राहू दे!"

हे म्हणाले, "एक घोट चहा घे, हेही मीच म्हटलं होतं, मंगला." आणि बाहेर निघून गेले.

भेटायची वेळ संपायच्या आधी ते स्वतःहून गेले, असं तेव्हा एकदाच झालं. परत आले तेव्हा डोळे लाल होते. आम्ही दोघांनी त्यावर पुन्हा शब्द काढला नाही. पण घरी आल्यावर कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी फक्त औषधांचं बोलत होतो. गोळी घेतली? घेतली. पाणी देऊ? द्या. असं.

कार्तिकी एकादशी मी दवाखान्यातच काढली. व्रत पूर्ण झालं. घरी आल्यावर, डॉक्टरांना विचारून, यांनी अर्धा कप चहा करून दिला. तो गोड लागला, याचाच मला राग आला.

पुणं

प्राचीला आम्ही खरं सांगितलं नाही. दिवाळीची धावपळ झाली, दगदग झाली, म्हणून झालं, एवढंच सांगितलं. पोटुशी पोरगी, तिला कशाला गोळीचं पुराण? ती फोनवर हुंदके देऊन रडली. "आई, माझ्याच तयारीपायी झालं ना?" मी म्हटलं, "नाही वं, येडी." पण मग कशानं झालं, ते मी सांगितलं नाही. ही लपवाछपवी मला पुढे महागात पडली.

तिची तिकिटं रद्द झाली. हृदयाचा रोगी असलेल्या घरात बाळंतीण कोण आणणार? विहीणबाईंचा फोन आला. मोठ्या मनाची बाई आहे. म्हणाल्या, "तुम्ही आराम करा हो. ती माझीच मुलगी आहे. सगळं नीट करू." मी "तुमचे फार उपकार" म्हटलं, फोन ठेवला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून यांच्यावर ओरडले. मीठ डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलं होतं.

संक्रांतीच्या आसपास मुलगी झाली. दोघी सुखरूप. व्हिडिओवर बघितली, लाल, मुठी आवळलेली, कपाळ आमच्या घराण्याचं. हे मोबाईलचा पडदा बोटानं पुसत होते, जसं काही तिच्याच गालाला हात लावून राहिले होते.

सुरुवातीला प्राची रोज विचारायची. आई, बाळाचं पोट दुखतं का गं? आई, टाळूवर तेल किती घालू? मी सांगायचे. मग हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले. तिकडे विचारायला घरात माणूस होतं. मालिशवाली बाई होती. एकदा मी विचारलं, "बाळाला हिंग लावते का नाही?" ती म्हणाली, "आई, आमच्याकडे ओव्याचा शेक देतात, त्यानंच बरं वाटते." आमच्याकडे! मी फोन यांच्या हातात दिला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. दुपटी तशीच घडी घालून ठेवलेली होती. तेव्हा मी मोठ्यानं रडले. दवाखान्यातही तशी रडले नव्हते.

आता माझं बरं आहे. रोज गोळ्या घेते, सोबत जोडीच्या इतरही आहेत. रोज चालते. चहा सकाळी एक आणि दुपारी एक. घराजवळच्या त्या जुन्या डॉक्टरांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "मीच पुन्हा बोलावून विचारायला हवं होतं." ऑफिसात ज्यांना ज्यांना तोऱ्यात सांगितलं होतं, त्यांनाही गाठून सांगितलं, की गोळी निर्दोष होती. वैशाली म्हणाली, "मग मॅडम, माझ्या सासूनं तुमचं ऐकून सोडली ती?" त्याच संध्याकाळी मी तिच्या सासूच्या घरी जाऊन बसले आणि उद्याच डॉक्टरांकडे जाते, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं.

खीर

ऊन तापायच्या आत, होळीच्या आधी, प्राची बाळाला घेऊन आली. स्टेशनवरून हे घेऊन आले. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी नुसती तिच्या पायाचे तळवे बघत बसले.

आंघोळ घालायला बसले, पण पायांवर घेऊन वाकून घालताना दम लागायला लागला. प्राचीनं बघितलं आणि माझ्या हातातून हळूच घेतली. "तू बस, आई. मी घालते." तिचे हात सराईत झाले होते. तिनं ते दुसऱ्या कुणाकडून शिकून घेतलं होतं.

मग मी म्हटलं, निदान खायला तरी घालू. दुसऱ्या दिवशी दूध आटवून अळिवाची खीर केली, वरून तूप सोडलं. लहानपणापासून ही पोरगी दुधावर वाढलेली. भाजी नको, वरण नको, पण दुधाचा पेला रिकामा. वाटी तिच्यापुढे ठेवली. तिनं हात लावला नाही.

"काहून वं? आवडते ना तुले?"

"दूध सोडलं मी, आई."

"सोडलं? बाळ अंगावर पिते अन् दूध सोडलं?"

"कॅल्शियमच्या गोळ्या घेते ना मी. डॉक्टरांना विचारलं आहे." ती बाळाला थोपटत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "तू आयसीयूत होतीस ना, त्या दिवशी मी बोलली होती देवाला. आई घरी येऊ दे, वर्षभर दूध-तूप तोंडात घेणार नाही."

"कोणी सांगितलं तुले असं बोलायला?"

"तूच," ती म्हणाली. "तू माझ्यासाठी चहा सोडला. ही बघ, नीट झाली. मग मी तुझ्यासाठी दूध सोडलं, तू घरी आलीस. जे आवडते तेच सोडा लागते ना?"

मी तिथंच खाली बसले. मग सगळं सांगितलं. गोळी, डोकं, डब्याच्या तळाशी टाकलेलं पाकीट, रस्त्याच्या पलीकडून जाणं, सगळं. काही लपवलं नाही.

"म्हणजे माझ्यासाठी धरलेल्या व्रतापायी गोळी सोडली तू? माझ्यामुळे?"

"नाही वं, तुझ्यामुळे नाही. माझ्या भैताडपणामुळे. देवानं मला काही सोडायला सांगितलं नव्हतं. मी पोरीचं बाळंतपण करायला निघाले आणि स्वतःच दवाखान्यात जाऊन पडले. आता तू तेच करून राहिली. खा. माझ्यासाठी खा."

तिनं वाटी उचलली. तोंडाजवळ नेली. मग तिनं ती परत खाली ठेवली.

"वर्षभर म्हटलं आहे, आई. मधेच मोडलं आणि तुला काही झालं तर?"

मला ओरडता आलं नाही. यांनी चहाचा घोट घे म्हटलं तेव्हा मीही नेमकं हेच म्हटलं होतं.

"मी तुझ्यासाठी सोडलं, म्हणून तू माझ्यासाठी सोडलं," मी म्हटलं. "उद्या ही तुझ्यासाठी काय सोडेल?"

प्राचीनं बाळाकडे बघितलं. बाळ झोपेत ओठ हलवत होतं. खिरीवर साय धरली, मग ती खीर यांनी खाल्ली, टाकायची नाही म्हणून.

तिचं बाळंतपण मला करायचं होतं. एवढी एक वाटी खीर काय ती करता आली, आणि तीही पोरीनं माझ्यासाठी सोडून दिली.